प्रवेश घेताना 'इंटरनॅशनल' पाटीच्या आत डोकवा

संपादक महोदय,

प्रवेशाचे दिवस आले की आंतरराष्ट्रीय शाळांच्या कार्यालयात पालक विचारतात: जागा आहे का, फी किती, मुलाखतीत काय विचारतात? हे विचारायलाच हवे. पण त्याआधीचा एक प्रश्न बहुतेकांच्या तोंडी येत नाही. आपले मूल ज्या वर्गात बसणार, त्या वर्गात कोणता अभ्यासक्रम शिकवतात आणि तो शिकवायची मान्यता शाळेकडे आज आहे का?

'इंटरनॅशनल' हा शब्द पाटीवर असला म्हणून काहीच सिद्ध होत नाही. आयबी, म्हणजे 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' ही आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्था, प्रत्येक कार्यक्रमाला वेगळी मान्यता देते. पीवायपी (प्राथमिक कार्यक्रम) ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी, एमवायपी (माध्यमिक कार्यक्रम) ११ ते १६ आणि डीपी (डिप्लोमा कार्यक्रम) १६ ते १९. पीवायपी मान्य असलेल्या शाळेत पुढे डीपी असेलच असे नाही. माहितीपत्रकात 'कॅन्डिडेट स्कूल' असे दिसले, तर शाळा अजून मान्यतेच्या रांगेत आहे आणि ती मिळेलच याची हमी नाही, असा त्याचा सरळ अर्थ. आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचे नाव शोधले की कोणते कार्यक्रम मंजूर आहेत ते दिसते. केंब्रिज या ब्रिटिश परीक्षा मंडळाचा अभ्यासक्रम शिकवणारी शाळा असेल तर परीक्षा केंद्र म्हणून तिची नोंदणी आहे का, तिचा केंद्र क्रमांक काय, हे विचारावे. उत्तर ईमेलवर मागावे. तोंडी आश्वासन देणारा कर्मचारी पुढच्या वर्षी तिथे असेलच असे नाही.

वर्गाच्या आकड्यातही घोळ होतो. ब्रिटिश पद्धतीतले 'इयर ७' म्हणजे अमेरिकी पद्धतीतले 'ग्रेड ६'. इंग्लंडच्या पद्धतीत ३१ ऑगस्टला ५ वर्षे पूर्ण झालेले मूल सप्टेंबरपासून 'इयर १'मध्ये बसते. हे लक्षात न घेता अर्ज भरला की मुलापुढे भलत्याच वर्गाची प्रश्नपत्रिका येते आणि निकाल वाईट लागतो. म्हणून आधी जन्मतारीख सांगावी आणि वर्ग शाळेकडूनच लिहून घ्यावा.

'वर्षाच्या मध्ये प्रवेश मिळेल का?' लहान वर्गांत जागा असली तर फारशी अडचण येत नाही. आयजीसीएसई (साधारण दहावीच्या पातळीचा) आणि डीपी हे मात्र साधारण दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. डीपीत सहा विषय असतात. सहसा तीन हायर लेव्हलचे, प्रत्येकी २४० तासांचे, आणि तीन स्टँडर्ड लेव्हलचे, प्रत्येकी १५० तासांचे. पहिले वर्ष एका शाळेत करून दुसऱ्या शाळेत जायचे, तर तेच विषय त्याच लेव्हलला तिथे हवेत, साहित्य विषयात शिकवलेल्या साहित्यकृती जुळायला हव्यात, शिवाय अंतर्गत मूल्यमापनाचे अर्धवट काम सोबत न्यावे लागते. एवढे क्वचितच जमून येते. शाळा नकार देते ती याच कारणाने. गणित निवडताना तर विशेष जपावे. 'ॲनालिसिस' आणि 'ॲप्लिकेशन्स' असे दोन वेगळे मार्ग आहेत आणि अभियांत्रिकीसाठी काही विद्यापीठे 'ॲप्लिकेशन्स'चा मार्ग स्वीकारत नाहीत.

प्रवेश चाचणीची पालकांना सर्वांत जास्त धास्ती असते. बऱ्याच शाळा कॅट-४ ही तर्कक्षमतेची चाचणी घेतात. तिचे चार भाग: शाब्दिक, अशाब्दिक, संख्यात्मक आणि अवकाशीय तर्क. सरासरी गुणांक १००. ती पाठांतराची परीक्षा नाही, त्यामुळे क्लास लावून फारसा उपयोग नाही. निकालपत्रक मात्र मागून बघावे. शाब्दिक भागात ८५ आणि अशाब्दिक भागात ११५ असे आकडे आले, तर मूल कच्चे आहे असे मुळीच नव्हे. त्याला बहुधा इंग्रजीचा आधार हवा आहे. असे मूल केवळ एकूण सरासरी पाहून नाकारले जात असेल, तर पालकांनी भाषा-साहाय्याबद्दल विचारलेच पाहिजे: आठवड्याला किती तास, वर्गात की वर्गाबाहेर, आणि त्याचे पैसे वेगळे का?

अर्ज अडकतो तो बहुतेकदा कागदपत्रांवर, आणि त्यातही शिक्षकांच्या गोपनीय अहवालावर. तो आधीच्या शाळेने नव्या शाळेला थेट पाठवायचा असतो. पालकांनी स्वतः आणून दिला तर तो सहसा घेत नाहीत. सुट्टी लागली की शिक्षक भेटत नाहीत आणि फाइल महिनाभर तशीच पडून राहते. सुट्टीपूर्वीच विनंती करावी. मागच्या दोन वर्षांच्या प्रगतिपत्रकांचे प्रमाणित भाषांतर आणि लसीकरणाची नोंद तयार ठेवावी. पासपोर्ट आणि जन्मदाखल्यावरचे नाव अक्षरन्‌अक्षर जुळते का, तेही पाहावे.

मुलाला वाचनात, लेखनात किंवा एकाग्रतेत अडचण असेल तर कृपा करून लपवू नका. जागा जाईल ही भीती आम्हाला कळते. पण परीक्षेत जादा वेळ मिळण्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल आणि वर्गात तीच सवलत नेहमी दिल्याचा पुरावा लागतो, आणि परीक्षा मंडळाकडे अर्ज परीक्षेच्या कित्येक महिने आधी जावा लागतो. ऐन वेळी सांगितले तर नुकसान मुलाचेच होते.

फीबद्दल थोडक्यात: नोंदणी शुल्क सहसा परत मिळत नाही, परीक्षा शुल्क बहुधा वेगळे असते, आणि शाळा सोडताना अनेक ठिकाणी एका पूर्ण सत्राची आगाऊ नोटीस द्यावी लागते. अनामत परत मिळण्याची अट सही करण्यापूर्वी वाचावी.

'आता घरी इंग्रजीच बोलू का?' नको. घरातली भाषा पक्की असलेल्या मुलाला दुसरी भाषा उचलायला सोपी जाते. डीपीमध्ये तर शाळेत शिक्षक नसला तरी मातृभाषेतले साहित्य शाळेच्या देखरेखीखाली स्वयंअध्ययनाने स्टँडर्ड लेव्हलला घेता येते. ही सोय तुमच्या शाळेत आहे का, असल्यास आपली भाषा त्यात बसते का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

– आंतरराष्ट्रीय शाळांच्या प्रवेशाचे काम पाहणारे समुपदेशक