पंधरा हजार डॉलर म्हणजे नेमके किती?

महिला टेनिसमधे पैसाच पैसा झालाय हा रविवारच्या अंकातला लेख वाचला, पण तो फक्त वरच्या मजल्याबद्दल आहे. यूएस ओपनने १९७३ सालीच बायकांना समान बक्षीस दिलं हे खरं, पण आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) डब्ल्यू१५ या बायकांच्या सगळ्यात खालच्या व्यावसायिक स्पर्धेचं काय? तिथे १५ हजार डॉलर हा आकडा एका खेळाडूचा नाही, अख्ख्या स्पर्धेचा, म्हणजे सिंगल्सचा ३२ जणींचा ड्रॉ आणि वर डबल्स, सगळं त्यातच, मग पहिल्याच राउंडला हरलेलीच्या हातात काय पडणार, तिकीट, हॉटेल, रॅकेटचं स्ट्रिंगिंग सगळं तिचं तिनेच बघायचं, कोच बरोबर नेणं तर लांबच राहिलं. बरं, जिंकली तरी रँकिंगचे पॉइंट १५, ग्रँड स्लॅमवालीला २०००! आणि तेही ५२ आठवड्यांनी गळतात, त्यामुळे दुखापत झाली की शिडी परत खालून चढा. वरची रक्कम आणखी फुगवण्याआधी या तळाच्या स्पर्धांत राहण्याचा खर्च तरी आयोजकांनी उचलावा, एवढंच म्हणणं आहे.

– एक टेनिसप्रेमी वाचक