गोरोंगोझातल्या मुक्ताला

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. फोन मध्येच कटला, म्हणून राहिलेलं लिहिते.

गोरोंगोझाच्या राष्ट्रीय उद्यानात, जंगलातच राहून मोझांबिकची मुलं एम.एस्सी. करतात आणि तू त्यांना शिकवणार आहेस, हे तू सांगितलंस तेव्हापासून तेच डोक्यात आहे. काही वर्षांपूर्वी हा अभ्यासक्रम निघाला. सगळं आयुष्य मुलांना शिकवण्यात गेलेल्या माझ्यासारखीला वाटतं, की तिथे नवे प्राणी आणून सोडण्याइतकंच हे मोलाचं आहे.

1977 ते 1992 च्या यादवी युद्धात तिथले 90 टक्क्यांहून जास्त मोठे प्राणी मारले गेले. मांस सैनिकांनी खाल्लं, हस्तिदंताच्या पैशातून शस्त्रं आली. सुळेवाल्या हत्तिणी आधी टिपल्या गेल्या. युद्धाआधी शंभरांत सुमारे 19 हत्तिणी बिनसुळ्यांच्या होत्या, युद्धातून वाचलेल्यांत निम्म्या. सुळे न येण्याचा हा गुण आईकडून येतो आणि नराच्या गर्भाला तो बहुधा जगूच देत नाही, म्हणून बिनसुळ्यांच्या दिसतात त्या हत्तिणीच. 2021 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. लेखकांत बहुतेक परदेशी, पण डोमिनिक गोन्साल्विश हे नाव मोझांबिकचं आहे. तुझ्या वर्गातून अशी नावं वाढली पाहिजेत, आणि तीही यादीत पहिली.

परदेशी संशोधक दोन-तीन वर्षांनी परततो, त्याच्याबरोबर माहितीही जाते. हत्ती मात्र दर हंगामात पुंग्वे नदी ओलांडून मक्यात शिरतात. उद्यानाभोवती सुमारे दोन लाख माणसं राहतात. रात्रभर मका राखणारी बाई सेना नावाच्या तिथल्या भाषेत जे सांगेल, ते तिच्याच गावची विद्यार्थिनी ऐकू शकेल; तुला त्यातलं अर्धंही कळणार नाही. त्याच मुलीला पुढे वर्गात पोर्तुगीज आणि शोधनिबंधासाठी इंग्रजी लागतं. इतकी हुशार मुलगी केवळ इंग्रजीपायी मागे राहिली तर मला फार वाईट वाटेल. तिच्या लिखाणाला वेळ दे, संध्याकाळचे दोन तास गेले तरी चालतील.

आणखी एक. प्रश्न त्यांचा त्यांना शोधू दे. तुझ्या प्रबंधाला लागणारी आकडेवारी गोळा करायला त्यांना जुंपू नकोस. कुंपणाला मधमाश्यांच्या पेट्या टांगून हत्ती अडतात का, हे तिथे करून पाहिलंय म्हणे; पण आपल्या काकाच्या शेताला कोणता उपाय परवडेल, हे तिथल्याच पोराला सुचेल. हिशेब कसा मांडायचा ते तू शिकव, मग बाजूला हो. तुझ्या जागी त्यांच्यातलंच कुणी शिकवायला उभं राहिलं, तर घरी परत येताना मनात काही ठेवू नकोस.

मलेरियाची काळजी घे, संध्याकाळी अंगभर कपडे घाल. बाबांनी आशीर्वाद सांगितले आहेत. पुढच्या पत्रात तुझ्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे विषय सविस्तर लिही, ते मला वाचायचे आहेत.

तुझी,
आई