कांजिण्यांमुळे हुकलेला आठवडा

वडोदरा,
शुक्रवार, ३ एप्रिल २०२६

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

काल बाबांनी आजीकडून रिकामा डबा आणला, त्यात तुझी चिठ्ठी सापडली. ‘आई फोनवर लवकर आटपते. शाळेत काय झालं ते लिहून पाठव. सगळं म्हणजे सगळं.’ आणि ‘सगळं’खाली दोन रेघा. आज गुड फ्रायडेची सुट्टी आहे, छकुली आत्ताच झोपली आहे, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहायला बसले. छकुलीला कांजिण्यांची लस अजून मिळायची आहे, म्हणून तुला दांडिया बाजारात आजीकडे ठेवावं लागलं. हे तुला समजतं, तू रडलाही नाहीस. पण जिना चढताना एकदा मागे वळून पाहिलंस, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. वर्गात हजेरी घेताना तुझ्या तेविसाव्या नंबरशी मी रोज अडखळले.

सोमवारपासून सांगते. रविवारी रात्री मी वाल भिजत घातले होते. प्रत्येकाला एक काचेचा ग्लास, आत ओला कापूस, आणि कापूस नि काच यांच्या मधे एक वाल. तुझा ग्लास तुझ्या बाकावरच्या जोडीदाराने तयार केला आणि त्यावर २३ लिहिलं. पाणी घालायला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हता. खिडकीजवळच्या बाकावरच्या मुलीने मुद्दाम तिचा वाल उलटा लावला, मूळ वर जातं का ते बघायला. बुधवारी सकाळी बहुतेकांची सालं फाटली, पांढरं टोक बाहेर आलं. तिच्या वालाचं टोक वरच्या बाजूने निघालं, आणि काल पाहिलं तर वळसा घेऊन खाली चाललेलं. ती अर्धा तास ग्लासपाशी बसून होती. मीही तिला उठवलं नाही, गणिताचा तास असूनसुद्धा. तुझं मूळ काल माझ्या नखाएवढं होतं.

ईस्टरचा आठवडा म्हणजे अंडं आलंच. पण आपल्या वर्गातली कितीतरी मुलं अंड्याला हात लावत नाहीत, आणि मंगळवारी तर महावीर जयंती होती. घरी जे पाळतात ते मोडायला लावून मला कोणाला काही शिकवायचं नाही. म्हणून कागदाच्या लगद्याची अंडी केली आणि हळद, बीट, पालकाच्या रसाने रंगवली. पालकाचा रंग वाळल्यावर फारच फिका पडला, पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी बघायला हवं.

खरी अंडी मात्र आम्ही पाहिली, आणि तीही हात न लावता. पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्याखाली मधुमालतीचा वेल आहे ना, त्यात बुलबुलाने घरटं केलंय. वरून डोकावलं की थेट आत दिसतं. वाटीएवढं घरटं, बारीक मुळ्या आणि काड्यांचं, आणि आत तीन अंडी. गुलाबीसर, त्यावर तांबूस ठिपके, कोणी कुंकवाचं बोट झटकल्यासारखे. पाच-पाच जणांनी जायचं, श्वाससुद्धा हळू घ्यायचा असं ठरलं. बुलबुलाची मादी समोरच्या तारेवर बसून आमच्याकडे बघत होती, म्हणून दोन मिनिटांत सगळ्यांना मागे घेतलं. पिल्लं निघायला साधारण दोन आठवडे लागतात. तू येशील तेव्हा चोची उघडलेल्या दिसतील बहुतेक.

वर्गात परत आल्यावर फळ्यावर एक शब्द लिहिला, ‘द्विज’. दोनदा जन्मलेला. पक्षी एकदा अंडं होऊन जन्मतो, मग कवच फोडून पुन्हा जन्मतो, म्हणून तो द्विज. दातालाही द्विज म्हणतात, एकदा पडून पुन्हा येतो म्हणून. हे सांगितल्याबरोबर सगळ्यांनी तोंडं उघडली आणि एकमेकांचे पडलेले दात मोजायला लागले. तुझा वरचा हलणारा दात पडला का? पडला असला तर जपून ठेव, मला बघायचाय. येशू मरणातून तिसऱ्या दिवशी उठला असं ख्रिस्ती लोक मानतात, त्या नव्या जन्माची खूण म्हणून ईस्टरला अंडं असतं. मुलांना ते लगेच पटलं, कारण जीभ नव्या दाताच्या जागेवर होती.

बुधवारी कमाटीबागेत गेलो, म्युझियमला. बसमध्ये चढताना मोजलं, उतरताना मोजलं, काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी मोजलं. तू असतास तर म्हणाला असतास, ‘आई, आत्ताच तर मोजलंस!’ मी इतक्यांदा का मोजते ते तू विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नव्हतं. आता आठ वर्षांचा झालास, सांगते. १८ जानेवारी २०२४ ला आपल्याच गावात, हरणीच्या तलावात, सहलीला आलेल्या मुलांची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तू तेव्हा सहाचा होतास, आम्ही घरात टीव्ही लावला नव्हता. त्या दिवसापासून कुठल्याही सहलीला माझं पोट आत ओढलेलं असतं, मुलं परत घरी पोचेपर्यंत. यंदा एका आईने परवानगीच्या कागदावर सही केली नाही. मी फोन केला, तर ती म्हणाली, ‘मी बरोबर आले तर चालेल?’ आली. दिवसभर माझ्याबरोबर तीही मोजत होती. मुलांना भिंतींच्या आत ठेवणं सोपं आहे, पण मग तो वाल, ते घरटं, काहीच राहत नाही. तेव्हा बाहेर नेणार, आणि मोजणार.

काळ्या घोड्यावर बसलेल्या सयाजीराव महाराजांविषयी तुला माहीतच आहे, पण मुलांना पुन्हा सांगितलं. नाशिककडच्या कवळाणे गावचा मुलगा, १८७५ साली दत्तक म्हणून इथे आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि अक्षरओळख नव्हती. पुढे याच माणसाने १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, ‘म्हणजे यांच्यामुळे आपल्याला शाळेत यावं लागतं?’ हो, यांच्यामुळे.

म्युझियममध्ये ममीपाशी गर्दी होईल असं मला वाटलं होतं. ती झालीच, पण मुलं खरी खिळली ती निळ्या देवमाशाच्या सांगाड्याशी. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहत आलेला हा देवमासा ७२ फूट लांब आहे. जबडाच एवढा की त्यात आपली अख्खी रांग मावेल. ‘आ जीवतुं हतुं?’ हे जिवंत होतं का, असं एकाने हळूच गुजरातीत विचारलं, आणि मग कोणीच बोलेना. थोड्या वेळाने वाल उलटा लावणाऱ्या त्याच मुलीने विचारलं, ‘टीचर, हा अंड्यातून आला का?’ असा प्रश्न आला की मला वाटतं आठवड्याचं सार्थक झालं. देवमासा अंडं घालत नाही, पिल्लाला जन्म देतो आणि दूध पाजतो. आजी हरिपाठानंतर चार खाणी सांगते त्या आठव: अंड्यातून येणारे अंडज, आईच्या पोटातल्या वारेतून येणारे जरायुज, जमीन फोडून येणारे उद्भिज. चौथे स्वेदज, घामातून जन्मणारे. तसे कोणी असतात असं आता मानत नाहीत. बुलबुल अंडज, वाल उद्भिज, आणि देवमासा नि आपली छकुली एका खाणीतले.

बाहेर हिरवळीवर देवमासा करून पाहिला. हात पसरले की तुमचे साधारण चार फूट होतात, म्हणजे १८ मुलं. ओळ लावली, तर तुझा जोडीदार म्हणे, तुझी जागा रिकामी ठेवायची. ठेवली. त्यामुळे आमच्या देवमाशाच्या पाठीत चार फुटांचं भोक होतं.

वेळ उरला तेव्हा आकोट्याच्या जैन मूर्तीही पाहिल्या. १९५१ साली आपल्याच आकोट्यात जमिनीतून निघालेल्या ब्राँझच्या. आदल्या दिवशीच महावीर जयंतीच्या मिरवणुकीत, वरघोड्यात, गेलेल्या दोन मुलांनी बाकीच्यांना त्या समजावून दिल्या, माझ्यापेक्षा नीट.

काल, गुरुवारी, फतेगंजकडच्या एका चर्चमध्ये गेलो. क्रूसावर जांभळं कापड घातलेलं होतं. पुढे बारा खुर्च्या, बारा पंचे, आणि एक मोठं पितळी भांडं, अगदी आजीच्या घंगाळासारखं. फादरांनी सांगितलं, संध्याकाळी ते गुडघ्यांवर बसून बारा जणांचे पाय धुणार, कारण शेवटच्या जेवणाच्या वेळी येशूने आपल्या बारा शिष्यांचे धुतले होते. ‘मोठा माणूस लहानांचे पाय धुतो?’ असं एकाने विचारल्यावर फादर म्हणाले, ‘शिष्यांनाही हेच वाटलं होतं.’ एक शिष्य तर पाय पुढे करायलाच तयार नव्हता. ते भांडं जवळून बघायची परवानगी मिळाली. आत एक थेंबही पाणी नव्हतं, तरी मुलं वाकून बघत होती. मग फादरांनी लाकडाचं एक कडकड वाजणारं साधन दाखवलं. गुरुवारी रात्रीपासून शनिवारी रात्रीपर्यंत घंटा वाजत नाही, तेव्हा ते वाजवतात. ते प्रत्येकाला वाजवायचं होतं. वाजवलंही, आणि माझे कान अजून दुखताहेत.

आता तुझा प्रश्न, जो तू तापात असतानाही विचारत होतास: ईस्टर दरवर्षी पुढेमागे का होतो? २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला, यंदा परवा, ५ एप्रिलला. त्याचं गणित चंद्रावर आहे. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा धरायची, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. काल पौर्णिमा होती. बाबांनी तुला सुंठवडा आणून दिला तो हनुमान जयंतीचा, आणि त्याच पौर्णिमेवरून यंदाचा ईस्टर ठरला. काल वर्गात भिंतीवरचं कॅलेंडर काढून मुलांनी हे स्वतः मोजलं. चर्चची जी पौर्णिमा असते ती त्यांच्या जुन्या कोष्टकातली, त्यामुळे आकाशातल्या चंद्रापेक्षा कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो, तेवढं लक्षात ठेव.

वर्गाला न दिलेला एक प्रश्न तुझ्यासाठी राखून ठेवलाय. आजीच्या देव्हाऱ्याजवळ नवं पंचांग आहे. ते पाडव्यापासून पुढच्या फाल्गुनाच्या अमावास्येपर्यंत असतं. शेवटची पानं उघड, होळीची पौर्णिमा शोध, आणि २०२७ चा ईस्टर कुठल्या तारखेला येतो ते काढ. वार चुकवू नकोस. उत्तर कागदावर लिहून डब्यात घाल.

डॉक्टरकाका म्हणालेत, सगळ्या खपल्या वाळल्या की शाळा. आजी कडुलिंबाचा पाला फिरवते तेव्हा हात मागे धरून बस, आणि नाकावरची खपली काढू नकोस, तिचीच खूण राहते. आज रात्री जेवण झाल्यावर गॅलरीत ये. चंद्र कालच्यापेक्षा तासाभराने उशिरा उगवेल. मी साडेआठला आपल्या गच्चीवरून बघते, तू तिथून बघ.

तुझी
आई