पाळणाघराचा खर्च करातूनच व्हायला हवा

संपादक महोदय,
स. न.

'मुलं त्यांची, नोकरी त्यांची, मग पाळणाघराचा भार आमच्या करावर का?' असं एका वाचकांनी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे आणि त्याला नुसत्या कळवळ्याने उत्तर देऊन भागणार नाही. मी दांडिया बाजारात राहत्या घरी १९ वर्षं पाळणाघर चालवलं. ते बंद करून चार वर्षं झाली. ते का बंद पडलं हे माझ्या जमाखर्चाच्या वहीत लिहिलेलं आहे, आणि त्या वाचकांचं उत्तरही मला तिथेच सापडतं.

शेवटच्या वर्षी माझ्याकडे ११ मुलं होती. त्यातली पाच दोन वर्षांच्या आतली. फी महिना २,५०० रुपये, म्हणजे जमा २७,५००. हाताखाली दोन बाया, एकेकीला ८,५००, म्हणजे १७,००० तिथेच गेले. उरलेल्या साडेदहा हजारांत दूध, वरण-मऊभात, गॅस, वीज, फिनेल, धुण्याचा साबण, आणि एखादी बाई आजारी पडली की बदलीवर येणारीची रोजी. घर आमचं होतं म्हणून भाडं नव्हतं. माझ्या हाती तीन-साडेतीन हजार उरत. खरं तर तिसरी बाई हवी होती. पाच तान्ही मुलं एकटीच्या अंगावर टाकता येत नाहीत. एकाला पाजावं तर दुसरं उंबऱ्यापर्यंत रांगत जातं, तिसऱ्याचं दुपटं ओलं असतं. तिसऱ्या बाईसाठी मी फी ५०० रुपयांनी वाढवली आणि महिन्याभरात तीन मुलं गेली. बायांचा पगार कमी करणं शक्य नव्हतं, तो मुळातच कमी होता. दहा तास दुसऱ्याचं मूल जिवापाड सांभाळायचे ८,५०० रुपये, हे सांगताना आजही माझी मान खाली जाते. आईबापांना याहून जास्त झेपत नाही, सांभाळणारीला याहून कमी देता येत नाही. मधली ही खाच माझ्यासारखी एखादी बाई स्वतःच्या पदराने किती वर्षं भरणार?

गेलेल्या तीन मुलांपैकी एकाची आई रावपुऱ्यात औषधाच्या दुकानात होती. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसहा, पगार ९,०००. वाढलेली फी म्हणजे तिच्या पगाराचा तिसरा हिस्सा. तिने मुलाला काढलं, पण नोकरी सोडणं तिला शक्यच नव्हतं. दोन महिन्यांनी भाजी घेताना तिची थोरली मुलगी दिसली. वय दहा, कडेवर भाऊ. वार शाळेचा होता. "आज शाळा नाही का गं?" मी विचारलं. "मम्मी कामावर जाते ना, काकू," एवढंच ती म्हणाली आणि भाऊ रडायला लागला म्हणून पुढे गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. फी वाढवली होती ती मीच.

हे बडोद्यात घडावं याचं दुःख अधिक आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानाला लागू केलं, मुलग्यांना आणि मुलींनाही. तो पैसा रयतेच्या कराचाच होता, ज्यांच्या घरी पाळणा कधी हलला नाही त्यांच्याही. बडोद्याचा दाखला समोर ठेवून गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्यात भरणाऱ्या केंद्रीय कायदेमंडळात तसंच विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. पैसा आणायचा कुठून, हा तेव्हाही मोठा आक्षेप होता. आज शाळेच्या खर्चाबद्दल असं कोणी विचारत नाही. त्या दहा वर्षांच्या मुलीसाठी शाळेची इमारत, शिक्षक, पुस्तकं, मध्यान्ह भोजन हे सगळं आपण करातून भरलेलंच आहे. तिची जागा रिकामी राहते कारण तिच्या भावापाशी बसायला कोणी नाही. खर्च होऊन वाया जातो तो हा.

शिवाय मूल सांभाळण्याचा खर्च सरकार करतच नाही असं नाही. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या आईला बालसंगोपनासाठी ७३० दिवसांपर्यंत रजा मिळते. मिळायलाच हवी. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली की त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिला इतरांइतकीच मजुरी देण्याची तरतूद केली. म्हणजे तत्त्व मान्य झालेलं आहे. मधल्या बायका तेवढ्या राहून गेल्या. २०१७ च्या मातृत्व कायद्यातल्या दुरुस्तीने पाळणाघराची सक्ती केली ती ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांवर. औषधाचं दुकान, दवाखाना, मंगळ बाजारातलं कपड्यांचं दुकान, मकरपुऱ्यातला वीस माणसांचा कारखाना, चार घरची धुणीभांडी, यांतल्या कुठल्याच बाईला ती लागू पडत नाही. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं यांचीच होती. तरीही साबण-बिस्किटापासून कितीतरी खरेदीवर कर या बाया भरतातच. 'आमचा कर' म्हणताना त्यांचा कर आपण मोजत नाही.

आजीने सांभाळावं, असंही त्या पत्रात होतं. माझ्या दारात मुलाला सोडायला येणाऱ्या कितीतरी आज्या स्वतः स्वयंपाकाच्या कामाला जात होत्या. बाकीच्यांचे गुडघे गेलेले.

अंगणवाडी आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला ती योजना सुरू झाली आणि तिचं मोल मी जाणते. पण तिथे बसवतात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, आणि दुपारी ती बंद होते. त्याहून लहान बाळासाठी गुजरातेत 'बालशक्ती' नावाच्या पूरक आहाराची पाकिटं घरी देतात. ते शिजवून भरवायला दुपारी घरात असतं कोण? २०२२ पासून केंद्राच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं ठरलं आहे. साऱ्या देशात उद्दिष्ट १७,००० चं, खर्च बहुतेक राज्यांत केंद्राचा ६० टक्के, राज्याचा ४०. दिशा अगदी बरोबर आहे. पण एवढ्या मोठ्या देशात १७,००० म्हणजे किती वस्त्या?

पैसा कसा द्यायचा याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. आयकरात सवलत नको. नऊ हजार पगाराच्या बाईला आयकर लागतच नाही, तिला सवलत काय कामाची? आईबापांच्या खात्यात रोख रक्कमही नको. ती किराण्यात जाईल आणि त्यात त्यांचा दोष नसेल. पैसा सांभाळणाऱ्या बाईच्या पगारात जावा. माझी भाची कॅनडात क्युबेक प्रांतात असते. तिथे १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलरचं पाळणाघर सुरू झालं आणि आयांचं नोकरीतलं प्रमाण वाढलं. पण जागा घाईने वाढवल्या, दर्जा सगळीकडे सारखा राहिला नाही आणि चांगल्या जागा बऱ्या परिस्थितीच्या घरांनी आधी पटकावल्या. आपण उलट करावं: आधी बाया शिकवाव्यात, त्यांना नीट पगार द्यावा, आणि सुरुवात आयकर न भरणाऱ्यांच्या वस्तीतून करावी. ज्यांची ऐपत आहे त्यांच्याकडून फी जरूर घ्यावी.

आपल्या शहरात गुजराती पाट्यांवर याला 'घोडियाघर' म्हणतात. माझ्याकडची गुजराती मुलं मला मासी म्हणायची, मराठी मुलं काकू. सहा पाळणे, दोन बुटकी टेबलं आणि बाळांचा वजनकाटा अजून माळ्यावर आहे. आमच्या भागातली अंगणवाडी संध्याकाळी साडेसहापर्यंत उघडी राहणार असेल आणि तिथल्या तेडागर बेनला, म्हणजे मदतनीस बाईला, त्या वाढीव तासांचा पूर्ण पगार मिळणार असेल, तर हे सगळं सामान मी तिथे पोचतं करीन. पहिले सहा महिने दुपारी दोन ते साडेसहा मी स्वतः येऊन बसेन.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे