अर्धवट बोट कोणाची ते आधी ठरवा, मग पॅकेज वाटा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

जहाजबांधणीला चांगले दिवस येणार, गोव्यात क्रूझ वाढणार, असं हल्ली रोज कुठेतरी वाचायला मिळतं. केंद्रानं सप्टेंबर 2025 मध्ये जहाजबांधणीसाठी 69,725 कोटींचं पॅकेज मंजूर केलं, त्याच्या आदल्या वर्षी क्रूझ भारत मिशन सुरू झालं आणि 2029 पर्यंत क्रूझचे प्रवासी दुप्पट करायचे असं ठरलं. माझा विरोध नाही, उलट माझं पोटच त्यावर आहे. मी वास्कोकडचा छोटा फॅब्रिकेशन ठेकेदार, यार्डात प्लेटचं आणि पाइपचं काम घेतो, सोबत वेल्डर-फिटर पोरं असतात. पण एवढ्या घोषणा झाल्या त्यात एक गोष्ट कोणी काढतच नाही, ती म्हणजे बोट अर्धी बांधून झाली आणि पैसेवाला बुडाला तर त्या सांगाड्याचं काय आणि त्यावर राबलेल्या माणसांचं काय.

हे काही माझ्या डोक्यातलं भूत नाही. जर्मनीत विस्मार म्हणून बंदर आहे, तिथं ग्लोबल ड्रीम नावाची क्रूझ बोट बांधत होते, 342 मीटर लांब, नऊ हजारांवर प्रवासी घेईल एवढी. मालक गेंटिंग हाँगकाँग आणि यार्डही त्यांचंच, एमव्ही वेर्फ्टेन. म्हणजे बोट घेणारा आणि बांधणारा यांचा खिसा एकच. कोविडमध्ये क्रूझ बंद पडल्या तसा तो खिसा रिकामा झाला आणि जानेवारी 2022 मध्ये यार्डानं दिवाळखोरीचा अर्ज केला, पाठोपाठ मालक कंपनीही गेली. दोन हजारांच्या आसपास कामगार आणि शेडमध्ये पाऊण झालेली बोट. पुढं यार्ड घेतलं पाणबुड्या बांधणाऱ्या कंपनीनं, तिला शेड मोकळी हवी होती, त्यामुळे गिऱ्हाईक मिळालं नसतं तर एवढी मोठी नवी कोरी बोट एकही फेरी न मारता भंगारात गेली असती. शेवटी नोव्हेंबर 2022 मध्ये डिस्नीनं ती घेतली, मायर वेर्फ्ट या जर्मन यार्डाकडून पुरी करून घेतली, नाव ठेवलं डिस्नी अ‍ॅडव्हेंचर, बंदर सिंगापूर. तरी उशीर झालाच, डिसेंबर 2025 ची पहिली सफर मार्च 2026 वर ढकलावी लागली. आणि तिची जुळी बहीण, ग्लोबल ड्रीम 2, जिचं काम नुकतं कुठे सुरू झालं होतं, तिला कोणी विचारलं नाही, ती भंगारातच काढली.

क्रूझ बोटीचा व्यवहार कसा असतो ते बाहेरच्यांना माहीत नसतं. गिऱ्हाईक बोट बांधून होईपर्यंत हप्त्याहप्त्यानं साधारण 20 टक्के देतं, उरलेले 80 टक्के डिलिव्हरीच्या वेळी. म्हणजे स्टील, इंजिन, केबिन, आमची मजुरी, सगळं यार्डानं बँकेच्या पैशावर ओढायचं, दोन दोन तीन तीन वर्षं. मधे भाव वाढले की मेलं यार्ड. वर सांगितलेलं मायर वेर्फ्ट घ्या, जगातल्या मोठ्या यार्डांपैकी एक, ऑर्डरी भरपूर, पण काही काँट्रॅक्टं कोविडच्या आधीच्या भावानं केलेली आणि नंतर स्टील महागलं, वीज महागली, शेवटी सप्टेंबर 2024 मध्ये जर्मन सरकार आणि तिथलं राज्य सरकार दोघांनी मिळून 400 दशलक्ष युरो घातले आणि 80 टक्के यार्ड आपल्याकडे घेतलं. ऑर्डरी असूनही ही गत. आपल्याकडे तर ऑर्डर आली की पेढे वाटतात, पैसे कधी येणार ते कोण विचारतो.

अर्धवट बोटी तारल्याही गेल्यात, तेही सांगतो, म्हणजे नुसतं रडगाणं नको. 1996 मध्ये जर्मनीतच ब्रेमर व्हुल्कान यार्ड बुडालं, कोस्टा कंपनीसाठी चाललेला सांगाडा तसाच राहिला, तो नॉर्वेजियन क्रूझ लाइननं घेतला, ब्रेमरहाफेनच्या लॉइड वेर्फ्टनं पुरा केला आणि 1999 मध्ये नॉर्वेजियन स्काय म्हणून पाण्यात आला. अमेरिकेत 2001 मध्ये बोट बांधून घेणारी कंपनीच बुडाली, तिचाही सांगाडा नॉर्वेजियननंच घेतला आणि ओढत अटलांटिकपार त्याच लॉइड वेर्फ्टला आणला. जानेवारी 2004 च्या वादळात तो धक्क्यालाच बसला, अर्धा पाण्यात, तरी उचलला आणि 2005 मध्ये प्राइड ऑफ अमेरिका म्हणून चालू झाला, अजून हवाईत फिरतोय. फ्रान्सच्या सेंट नाझेरमध्ये लिबियाच्या सरकारी कंपनीची ऑर्डर होती, 2011 मध्ये तिथं लढाई पेटली आणि व्यवहार मोडला, तर एमएससी या क्रूझ कंपनीनं ती बोट घेतली, 2013 मध्ये प्रेझिओसा नावानं निघाली. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. सांगाडा टिकला होता आणि तो पुरा करणारे कसबी हात कुठेतरी शिल्लक होते, पांगले नव्हते. आणि गंमत बघा, दुसऱ्यांच्या अनाथ बोटी पुऱ्या करणारं ते लॉइड वेर्फ्ट नंतर गेंटिंगनं विकत घेतलं आणि 2022 मध्ये गेंटिंगबरोबर तेही दिवाळखोरीत गेलं.

बोट थांबली की नुसती थांबून राहत नाही हो. मोठ्या क्रूझ बोटीत आत हवा कोरडी ठेवावी लागते, नाहीतर केबल, बोर्ड, केबिनचं लाकूडकाम सगळ्याला बुरशी. इंजिन आणून बसवलेलं असतं त्याची वॉरंटी संपते. कील, म्हणजे बोटीचा तळकणा, कधी घातली त्या तारखेवर सुरक्षेचे कोणते नियम लागू होणार ते ठरतं, त्यामुळे नवा मालक आधी कागद चाळतो, बोट नंतर बघतो. आणि मूळ यार्डाचे ड्रॉइंगवाले निघून गेले असतील तर कुठला पाइप कुठून कुठे जातो ते शोधण्यातच महिने जातात.

आमच्याकडे क्रूझ नाही, बार्ज आणि छोट्या बोटी, पण रोग तोच. झुआरीच्या काठावरच्या एका यार्डात, नाव घेत नाही, स्लिपवेवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, एक सांगाडा उभा आहे. माझ्या पोरांनी त्याच्या टँकांचं वेल्डिंग केलंय. मधे सहज बघायला गेलो तर आत पेंट-मार्करनं लिहिलेले फ्रेमचे नंबर अजून दिसतात, वेल्ड तपासून मारलेल्या खुणाही दिसतात, पण प्लेटच्या कडा पापुद्र्यानं सुटायला लागल्यात, तळाच्या टँकात पावसाचं पाणी आणि त्यात डासांच्या अळ्या. थोडी केबल ओढून झाली होती ती तांब्यासाठी कापून नेलीय, टोकं तेवढी लोंबतायत. माझं बिल अडकलेलंच आहे. यार्डाचा मालक म्हणतो बोट घेणाऱ्या पार्टीनं पैसे दिले नाहीत, पार्टी म्हणते बँकेनं थांबवले, बँक म्हणते आमचा तुमच्याशी काय संबंध. यार्डाच्या ऑफिसात गेलं की उत्तर ठरलेलं, "पात्रांव, मातसो राव", म्हणजे शेठ, जरा थांब. लग्न मोडलं म्हणून मांडववाल्याचे पैसे कोणी बुडवत नाही, इथं मात्र सर्रास चालतं.

कायद्याकडे जायचं म्हटलं तर तिथंही आमची गोची आहे. 2016 चा दिवाळखोरी कायदा आहे, त्यात कंपनी मोडीत निघाली तर कामगारांच्या मागच्या 24 महिन्यांच्या थकबाकीला तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीचं स्थान आहे. वाचायला छान. पण यार्डात हजेरीपटावर असलेले किती आणि ठेकेदाराकडून आलेले किती? कटिंग, वेल्डिंग, ग्राइंडिंग, ब्लास्टिंग, पेंटिंग, बहुतेक सगळं ठेक्यावर. आमची पोरं कागदावर यार्डाची कामगारच नाहीत आणि मी ठेकेदार म्हणजे रांगेत पार मागं, बँका घेऊन उरलं तर. बरं स्वतः अर्ज करावा तर मार्च 2020 मध्ये किमान थकबाकीची मर्यादा 1 लाखावरून 1 कोटी केली. माझ्यासारख्याचं बिल एक कोटीचं कुठून असणार? मी वकिलाकडे जाऊन आलो, त्यांनी चहा पाजला आणि दिवाणी दावा लावा म्हणाले.

याउलट बोट चालू असली तर तारवट्याच्या, म्हणजे बोटीवरच्या खलाशाच्या, पगाराला 2017 च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्यानं बोटीवर पहिला हक्क दिलाय, तो बोट अडकवून ठेवू शकतो. आपल्या घराघरांतली पोरं क्रूझवर आहेत त्यामुळे हे चांगलंच झालं. पण जी माणसं बोट बांधतात त्यांना असा पहिला हक्क नाही.

चालू बोटींचीही खात्री कुठे आहे म्हणा. जलेश क्रूझेसची कर्णिका 2019 मध्ये मुंबईहून सुरू झाली, गोव्यालाही यायची, टॅक्सीवाले खूश होते. 2020 च्या ऑक्टोबरात कंपनी बंद आणि नोव्हेंबरात बोट अलंगच्या किनाऱ्यावर, तोडायला. आणि सोडून दिलेल्या बोटीचा भार शेवटी कोणावर पडतो ते गोयकारांना शिकवायला नको. रिव्हर प्रिन्सेस नावाची बोट जून 2000 मध्ये कांदोळीला रुतली, हलवायला 12 वर्षं गेली, तोवर मालकी कोणाची, खर्च कोणाचा, टेंडर कोणाचं हेच चाललेलं आणि किनारा खचत होता तो गावाचा.

म्हणून म्हणतो, पॅकेजमधला पैसा यार्डाला देताना सरकारनं अट घालावी की प्रत्येक बोटीमागे मजुरीचा हिस्सा वेगळ्या खात्यात राहील, यार्डाला तो दुसरीकडे वळवता येणार नाही आणि ठेकेदाराच्या पोरांची नावं त्या बोटीच्या रजिस्टरात असतील. काम थांबलं तर निदान काही महिने राखणदारी, पाणी उपसणं आणि गंज रोखणं चालू राहील एवढी रक्कम आधीच बाजूला काढून घ्यावी. सांगाडा जपला आणि माणसं हाताशी राहिली तर गिऱ्हाईक मिळतं. यार्डवाले म्हणतील धंदा परवडणार नाही. मग आत्ता परवडतोय तो आमच्या उधारीवर परवडतोय, हे तरी कबूल करा.

आणि राज्य सरकारच्या हातातलं एक काम तर फुकटात होण्यासारखं आहे. येत्या अधिवेशनात आपल्या चाळीसपैकी एखाद्या आमदारानं बंदर कप्तान खात्याला विचारावं की मांडवी आणि झुआरीच्या काठावर आज किती अर्धवट सांगाडे उभे आहेत, कोणाच्या नावावर आहेत, कधीपासून काम बंद आहे आणि त्यावर कोणाकोणाचं देणं आहे. प्रश्न तारांकित असावा, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, नाहीतर लेखी उत्तर येतं आणि फाइलला लागतं.

आपला,
एक फॅब्रिकेशन ठेकेदार, वास्को