बरणी इथेच राहिली

प्रिय मनू,

तुझी मोडांची बरणी खिडकीतच राहिली. रागारागात सगळं गोळा केलंस आणि नेमकी तीच विसरलीस. मी सकाळ-संध्याकाळ पाणी बदलते आहे. मोड एवढे तरारलेत की तोंडाला बांधलेलं फडकं त्यांनी वर उचलून धरलंय.

त्या रात्री सगळ्यांच्या देखत मी तुझ्या कच्चं खाण्याचा विषय काढायला नको होता. बाबा दोन दिवस तेच ऐकवतायत. तेव्हा आज त्यावर एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवूनच बसले आहे.

तुझं सगळंच चुकतंय असं मी कधी म्हटलं नाही. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायला मला तूच शिकवलंस. आता दुकानात मी चष्मा लावून साखर कितव्या नंबरवर आहे ते बघत उभी राहते आणि बाबा पुढे निघून जातात. मनाशी घेतलंस की तडीस नेतेस, त्याचं मला कौतुकच आहे. पण पाकिटं सोडलीस तशी चूलही सोडायची? शिजवताना क जीवनसत्त्व जातं, हे तुझं बरोबर. पण गाजरातलं कॅरोटीन आणि टोमॅटोतलं लायकोपीन शिजवल्यावरच अंगी जास्त लागतं. आणि उष्णतेने एन्झाइम्स मरतात म्हणतेस, ती तशीही बहुतेक पोटातल्या आम्लात मोडतातच की. राजमा तर कच्चा अजिबात खाऊ नकोस. भिजवलेलं पाणी फेकायचं आणि निदान दहा मिनिटं खळखळ उकळायचा. मंद आचेवर अर्धवट राहिला तर उलट जास्त बाधतो.

झाला सुरू माझा तास. जाऊ दे.

निघायच्या आदल्या दिवशी बेसिनपाशी तुझ्या बोटातली अंगठी घसरली. तू ती झेललीस, मागच्या बाजूला दोरा गुंडाळलास आणि परत घातलीस. मी दारातच होते. तुला दिसले नाही.

जन्मलीस तेव्हा एक किलो नऊशे होतीस. दर बुधवारी वजन. काटा वीस ग्रॅमने सरकला तरी बाबा आजीला फोन करायचे. घरातली सवयच झाली ती, तुझं वजन मोजायची. आणि तू चार महिने पाळी नाही हे हसत सांगतेस, कटकट गेली म्हणतेस! वाचलेलं एवढं एक सांगते आणि थांबते. जर्मनीत पाचशेहून जास्त कच्चं खाणाऱ्यांचा अभ्यास १९९९ साली छापून आला. त्यात पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे ३० टक्के बायकांची पाळी अनियमित झाली होती किंवा पार थांबली होती. अंगावर काही उरलं नाही की शरीर आधी हाच खर्च कापतं.

तिकडे तू एकटी. सुटतेस तोवर ताजी भाजी संपलेली असते. शिजवणाऱ्याला मरगळलेला पालकही चालतो, फ्रीझरमधले मटारही चालतात. तुझं तसं नाही. मग त्या दिवशी काय खातेस, विचारलं, तर म्हणालीस, "सफरचंद." एक!

बी-१२ तपासून घे. त्याचा साठा यकृतात असतो, त्यामुळे कमी पडतंय हे वर्षानुवर्षं कळत नाही. नंदाआत्याच्या पायांना मुंग्या यायला लागल्या, तेव्हा केवढा उशीर झाला होता ते तू पाहिलंयस.

बरणीचं पाणी बदलताना हल्ली वेगळंच मनात येतं. २०११ मध्ये जर्मनीतच मेथीच्या मोडांतून ई. कोलाय नावाचा जंतू पसरला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. मोडांना लागते तीच ऊब आणि ओल जंतूंनाही लागते. म्हणून आज अर्धे मोड वाफवले. उरलेले बाबांनी हट्टाने कच्चे खाल्ले, तुझ्या बाजूने आहेत हे दाखवायला. दोन घास झाल्यावर हळूच मीठ मागितलं.

बोलले ते मनावर घेऊ नकोस. फोन करायचा नसेल तर नको करूस.

फक्त आली की "आली" एवढंच लिही. रात्री कितीही वाजता.

आई