जांभळं बंद करू नकोस

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलता, मग मला कुणाचंच धड ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र. बाबा, चष्मा लावून मोठ्यानं वाचा, आई ऐकेल.

आधी पलंगपोसाचं. बाबांनी पलंगावर बसून जांभळं खाल्ली, वाटी कलंडली आणि सांगायचं सोडून त्यांनी पलंगपोस घडी करून कपाटामागे कोंबला. तुला तो तिसऱ्या दिवशी सापडला. तू साबणाची वडी घासलीस, तर जांभळा डाग राखाडी-निळा झाला, आणि तुझा पारा आणखी चढला. आई, तो रंगच तसला आहे. आंबटात तांबडा राहतो, साबण-सोड्यात निळा पडतो. खोटं वाटलं तर बशीत एक जांभूळ चुरड आणि चिमूटभर खायचा सोडा टाकून बघ. म्हणून पहिला हात आंबटाचा, साबण मागाहून.

आता असं कर. डागावर लिंबू पिळ किंवा पांढरं व्हिनेगर ओत, पंधरा-वीस मिनिटं राहू दे, मग गार पाण्यानं मागच्या बाजूनं धू. चोळू नकोस, चोळलं की पसरतो. तरी सावली उरलीच तर औषधाच्या दुकानात ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, ते अर्धा तास लाव आणि खळबळून टाक. पलंगपोस पांढरा सुती आहे म्हणून चालेल. तुझ्या रंगीत साड्यांना लावू नकोस. आणि मोरीतली ती ब्लीचची बाटली लिंबू-व्हिनेगरच्या जवळपाससुद्धा आणू नकोस, दोन्ही मिसळली तर विषारी वायू होतो. डाग ताजा असता तर कापड पातेल्यावर ताणून वरून उकळतं पाणी ओतलं की काम झालं असतं. पण ते तू एकटीनं करायचं नाहीस. तुझं मनगट मला माहीत आहे.

घमेलं लोखंडाचं नको, प्लास्टिकची बादली घे. मालवणला मामाकडे माझ्या पिवळ्या फ्रॉकवर काजूच्या बोंडाचा रस सांडला होता, आठवतं? तू तो गंजक्या घमेल्यात भिजवलास आणि तपकिरी ठिपके काळे कुळकुळीत होऊन बसले. बोंडात टॅनिन असतं, लोखंड लागलं की ते काळं पडतं. जांभळातही असतं. आजी म्हणायची, फळाचा मोसम गेला की डागही जातो. त्या फ्रॉकवरचा काही गेला नाही. दोन वर्षं मी तसाच घातला.

आंब्याचं तुझं बरं चालायचं. मे महिन्यात रसाचे टॉवेल साबणानं धुऊन गच्चीत टाकलेस की ऊन उरलेलं काम करायचं. जांभूळ येतं नेमकं मृगाच्या तोंडावर, आणि मग कपडे तीन-तीन दिवस ओलेच.

आता दुसरी गोष्ट, आणि ती जास्त महत्त्वाची. तू जाहीर केलंस म्हणे, ‘आता घरात जांभळं बंद.’ आई, शुगरमुळे त्यांचा आंबा तू मोजून फोडीवर आणलास, चिकू-द्राक्षं बंद केलीस. ते काही बोलले नाहीत. जांभळांना मात्र डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तेवढं एकच फळ ते मनमोकळं खातात. मनोरच्या बाजारातून बहाडोलीची जांभळं आणताना त्यांचा चेहरा बघ एकदा. वाटी कलंडली ती हात थरथरतो म्हणून. पलंगपोस कपाटामागे लपवला तो तू रागावशील म्हणून. शाळेत मुलांच्या वह्या तपासणारा माणूस पलंगपोस लपवतो, हे ऐकून मला हसू आलं आणि मग आलं नाही.

बाबा, तुम्हीही ऐका. पलंगावर नाही, पडवीत खुर्चीवर बसा. मांडीवर तो जुना काळा पंचा घ्या आणि वाटीऐवजी खोलगट थाळी. सांडलं तर लगेच आईला हाक मारा. लगेच धुतलं तर निम्मा डाग तिथंच जातो.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. तोवर पलंगपोस इस्त्रीला देऊ नकोस, उष्णतेनं उरलेला डाग पक्का बसतो. आणि अर्धा किलो माझ्यासाठी ठेवा, पिकलेली, फुटलेली नकोत.

तुमची,
ताई